लाथ मारायच्या डब्याची पूजा

वरून काजळी सुटली ती सरळ सेठजींच्या आईच्या डोक्यावर पडली. पांढरी साडी, पांढरे केस, पहिल्या रांगेतला सोफा. बघता बघता म्हातारी कोळशाच्या ढिगातून काढल्यासारखी झाली. शेजारी सेठजी पांढऱ्या सफारीत, त्यांच्या पलीकडे फॅक्टरीचे पाहुणे, तेही पांढऱ्यातच. शेडचा पत्रा थरथरत होता, वरून काळं पडतच होतं, कबुतरं वेड्यासारखी गोल गोल उडत होती आणि स्टेजवर प्रमोद गळ्यात गिटार घेऊन एका पायावर नाचत होता. मी त्याच्या पायाशी बसले होते. माझा हात डब्यावर होता. आवाज कुठून बंद करायचा ते मला चांगलं माहीत होतं, पण हात काही हलेना.

प्रमोद ओरडला, "काकू, काय करून ठेवलं तुमी?"

मी काय करून ठेवलं होतं ते त्या दिवशी त्याला सांगितलं नाही. या अंकात लिहिते.

माझं शिक्षण चौथीपर्यंत, भंडाऱ्याकडच्या एका खेड्यात. लग्न झालं आणि भिलाईला आले. नवरा स्टील प्लांटमध्ये शिफ्टवर आणि भासऱ्यांचं, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाचं, कॅम्प-१ वस्तीत माइक आणि लाउडस्पीकरचं दुकान. तिथे मी ट्रान्सफॉर्मर भरायला बसले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. लोखंडी पट्ट्यांच्या गाभ्यावर तांब्याची बारीक तार गुंडाळायची. वेढे किती, त्यावर पलीकडून किती वीज निघणार ते ठरतं. अठराशे वेढे म्हणजे अठराशे. मध्ये कोणी "चहा ठेवला का?" विचारलं की आकडा गेला, पुन्हा पहिल्यापासून. पुरुषांना हे काम जमत नसे. ते हजारावर पोचले की बिडी प्यायला उठत. मला तीसपर्यंत पाढे येत होते, तेवढ्यावर माझी तीसेक वर्षं निघाली. पुढे डाग देणं, म्हणजे कथील वितळवून तारा जोडणं, शिकले, मग पूर्ण अ‍ॅम्प्लिफायर. कॅम्पात मला वाइंडिंगवाली बाई म्हणत.

भासऱ्यांनी मला सगळी विद्या शिकवली आणि माझ्याशी एक शब्दही बोलले नाहीत. आमच्यात भासरे आणि धाकट्या भावाची बायको थेट बोलत नसत. पण दुकान चालवायचं तर बोलावंच लागतं. म्हणून ते भिंतीशी बोलत. "कंडेन्सर उलटा लावला का फुटते," असं ते भिंतीला सांगत आणि मी कंडेन्सर सुलटा करत असे. कधी भिंत लांब असली तर डाग द्यायच्या इस्त्रीला सांगत. गिऱ्हाइकांना वाटे, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं आहे. मला त्यात कधी अडचण आली नाही. उलट शिव्या बसल्या तर त्याही भिंतीला बसत.

लोक काय काय घेऊन येत. सेट उघडला की आत पाल, झुरळं, एकदा तर उंदराचं बाळंतपण. एक भजनवाले महाराज यायचे. त्यांची तक्रार अशी की सेटमधून निघतो तो त्यांचा आवाज नाही. तीन वेळा सेट तपासला, काही निघालं नाही. चौथ्या वेळी मी सांगून टाकलं, "महाराज, हाच तुमचा आवाज आहे. इतके दिवस तुमाले कोणी सांगतलं नाई." त्यानंतर ते दुसऱ्या दुकानात जाऊ लागले. तिथे त्यांना नवा सेट विकला, आणि आवाज तोच.

आता प्रमोद. हा पद्मनाभपूरचा, वडील प्लांटमध्ये क्लार्क, स्वतः रोलिंग मिलमध्ये. सुटीच्या दिवशी ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचा. बेस गिटारला चारच तारा असतात, चांगल्या जाड. तिचं काम गाण्याखाली धुम-धुम करत राहणं. वाजली तर कोणाचं लक्ष जात नाही, बंद पडली तर गाणं पोकळ लागतं. पण त्या काळी कार्यक्रमांना आमचे भोंगे असत आणि भोंग्यातून जाडा आवाज निघतच नाही. निवडणुकीच्या घोषणेला भोंगा चांगला, धुम-धुमला कुचकामी. म्हणजे प्रमोद दोन-दोन तास वाजवायचा आणि कोणाला काही ऐकू जायचं नाही. वर उभा राहायचा तोही विजेच्या खांबासारखा.

ऑर्केस्ट्राच्या मास्टरजींनी नव्वद सालानंतर कीबोर्ड घेतला. कीबोर्डवाला डाव्या हाताने बेस वाजवू शकतो हे त्यांच्या ध्यानात आलं. मग त्यांनी माझ्या दुकानातच प्रमोदला सांगितलं, "देख भाई, विश्वकर्मा पूजा का प्रोग्राम आखिरी. उस दिन भी पब्लिक को तेरा बेस सुनाई नहीं दिया, तो अगले दिन से लेफ्ट हैंड बजाएगा. तू आराम कर."

मास्टरजी गेले तरी प्रमोद स्टुलावरून उठेना. मी म्हटलं, "कावून तोंड पाडून बसला? मिलमंदी नोकरी आहे ना पक्की?"

"मिलमंदी मी टोकन नंबर आहो, काकू. माह्यं नाव घेऊन कोणी बोलवते तं ते स्टेजवरच. अन् एका खोक्याचा डावा हात मले काढून राह्यला."

मला रडकी माणसं आवडत नाहीत. पण डावा हात काढतो आहे हे मलाही लागलं. मी त्याच्यासाठी एक मोठी लाकडी पेटी करून दिली, पंधरा इंची दोन स्पीकर बसवून, आणि तिला चालवायला अ‍ॅम्प्लिफायर. त्याचा ट्रान्सफॉर्मर मी स्वतः भरला, गरजेपेक्षा बराच मोठा. तरीही आवाज मेंगळटच निघाला. गिटारातून येतं तेच इतकं अशक्त की पुढे कितीही वाढवा, अशक्तपणाच वाढतो.

त्यानंतर आठ दिवसांनी तो हा डबा घेऊन आला. त्याचा मेहुणा जहाजावर नोकरीला होता, त्याने जपानहून आणला होता. टॉवेलात गुंडाळलेला. प्रमोदने तो माझ्या टेबलावर असा ठेवला की जणू मुलगी दाखवायला आणली आहे.

पहिल्यांदा पाहून मला वाटलं, हा पानाचा डबा आहे. तेवढाच, पण उचलला तर खलबत्त्यासारखा जड. पत्रा जाड, कोपरे गोल, खाली रबर. वर ओळीने पाच बटनं, एक लाल दिवा आणि मधोमध लोखंडी गुंडी. बाजूला वायर घालायची दोन भोकं. नावं इंग्रजीत, ती प्रमोदने वाचून दाखवली.

"याले प्रीअ‍ॅम्प म्हणते, काकू. पेडल. गिटारातून येते ते आधी यात जाते, मंग तुमच्या अ‍ॅम्प्लिफायरात."

"म्हणजे कणीक मळून देते."

"काय?"

"पीठ तसंच लाटलं तर पोळी होते का? हा मळून देईन, माहा अ‍ॅम्प्लिफायर लाटीन. समजलं मले. ही गुंडी कायची?"

"ते पायानं दाबा लागते."

"पायानं? हात काय झाले तुले?"

"हात गिटारवर राह्यते ना."

"मंग बायकोले सांग दाबाले."

"लगन नाई झालं माह्यं."

"पायानं यंत्र दाबनाऱ्याले कोण देईन पोरगी?"

मी थट्टा केली खरी, पण ते मला मुळीच बरं वाटलं नाही. आमच्या दुकानात पक्कडीला पाय लागला तरी आम्ही हात लावून कपाळाला लावतो. इथे तर लाथ मारण्यासाठीच वस्तू बनवली होती, इतकी सुबक.

शेवटच्या बटनाचं तर नवलच. प्रमोद म्हणाला, "हे ड्राइव्ह. हे वाढवलं का आवाज फाटते."

"बरं. ते दुरुस्त कराले आणला का?"

"नाई, नाई! फाटाच पाह्यजे. तशी स्टाइल आहे."

लोकांचे फाटके आवाज सांधण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं होतं. त्यासाठी रात्रीचं जेवण थंड केलं होतं. आणि जपानी माणसाने आवाज फाडायला वेगळं बटन बसवलं होतं. भासरे भिंतीला म्हणाले, "आता भोकं पाडलेले कपडेबी विकतीन." ते खरं झालेलं पाहायला ते राहिले नाहीत.

डब्यासोबत आलेला अडॅप्टर जपानच्या कमी दाबाच्या विजेचा होता. आपल्या भिंतीत लावला असता तर प्रमोदचा डबा आणि माझी भिंत दोन्ही काळी झाली असती. म्हणून आपल्या विजेवर चालेल असा छोटा अडॅप्टर मी भरून द्यायचा होता. त्या निमित्ताने डबा उघडून पाहिला. आतलं डागाचं काम माझ्याहून चांगलं होतं. प्रत्येक डाग तांदळाच्या दाण्याएवढा आणि चकचकीत. मी बराच वेळ पाहिलं आणि डबा बंद केला.

पूजेच्या आदल्या दिवशी अडॅप्टर लावला, गिटार जोडली आणि प्रमोदने एक तार छेडली. टेबलावरचे स्क्रू चालायला लागले. समोरचा शिंपी बाहेर येऊन आभाळाकडे पाहू लागला. प्रमोदच्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्याला म्हटलं, "रडू नको, खाली वायर आहे." डबा रात्रभर दुकानात ठेवून दुसऱ्या दिवशी थेट स्टेजवर लावायचा ठरला.

विश्वकर्मा पूजेच्या दिवशी भिलाईत क्रेनलाही हार असतो. लेथ, हातोडा, सायकलचा पंप, सगळ्यांना हळदकुंकू. आमच्या दुकानाचा नियम असा की त्या सकाळी दुकानात जे असेल ते सगळं पूजेला बसवायचं, आपलं असो की गिऱ्हाइकाचं. मी ओळ मांडली. मीटर, इस्त्री, पक्कड, अर्धवट भरलेले ट्रान्सफॉर्मर. डबा शेवटी मांडला. मग माझ्या मनात आलं की बाकीच्यांना वर्षभर हात लागणार आणि ह्याला लाथा. ह्याची पूजा जरा जास्त झाली पाहिजे. म्हणून डबा उचलून मधोमध पाटावर ठेवला. कुंकू तुपात कालवून स्वस्तिक काढलं, बटनांना एकेक बोट लावलं. एरवी यंत्रावर नारळाच्या पाण्याचे चार थेंब शिंपडतात. मी नारळ फोडला आणि वाटीभर पाणी त्याच्यावर ओतलं. वरून बुंदीचा लाडू ठेवला.

भासरे भिंतीला म्हणाले, "विजेच्या वस्तूवर पाणी बेतानं घालाव लोकानं."

मी ऐकलं नाही. तीस वर्षांत भिंतीचं न ऐकण्याची तेवढी एकच वेळ.

दुपारी डबा पुसला. बाहेरून लख्ख दिसत होता. आमचा टेम्पो रसमड्याला सेठजींच्या फॅक्टरीत पोचला, तेव्हा शेडमध्ये दोनेकशे माणसं बसली होती, पुढे पाहुणे, मागे कामगार आणि त्यांच्या बायका. सेठजींची आई पुढच्या सोफ्यावर. तिला ऐकू येत नसे. दरवर्षी तिला आणून बसवत आणि ती दरवर्षी बसल्या बसल्या झोपत असे. भासरे भोंग्यांच्या सेटवर बसले, मी प्रमोदच्या पायाशी, कारण पेटी माझी आणि अडॅप्टरही माझा.

पहिलं गाणं सुरू झालं. प्रमोदने ऐटीत गुंडी दाबली. लाल दिवा लागला. तार छेडली. काही नाही. पुन्हा छेडली. पेटीतून फक्त कढईत पाणी पडल्यासारखं चर्र झालं. मास्टरजींनी वळून पाहिलं आणि कीबोर्डवाल्याला मानेने खूण केली. त्याने डावा हात वर उचलला.

"काकू, हे कावून मरून राह्यलं?" प्रमोद वाजवता वाजवता कुजबुजला. त्याने पायाच्या अंगठ्याने एक बटन पूर्ण फिरवलं. मग दुसरं. मग पाचही, ते ड्राइव्हसुद्धा.

मला तेव्हाच कळलं. नारळाचं पाणी भोकातून आत गेलं, साखर चिकटली आणि कुठलासा जोड धरत नाही. अशा वेळी उघडून पुसायला हवं. त्याला अर्धा तास लागतो, आणि कीबोर्डवाल्याचा हात तर खाली यायला लागला होता. मी भासऱ्यांकडे पाहिलं. त्यांनी भिंत शोधली. शेडला त्या बाजूने भिंत नव्हती, उघडीच होती. तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ओरडले, "बाई, मार त्याले!"

आयुष्यात माझ्याशी बोललेलं त्यांचं ते पहिलं वाक्य. मी तळहाताने डब्याला सणसणीत थाप दिली.

आणि डबा जागा झाला. पाचही बटनं शेवटाला, मागे माझा मोठा ट्रान्सफॉर्मर, पुढे पंधरा इंची दोन स्पीकर. तो आवाज कानाने ऐकण्यासारखा नव्हताच, पोटात शिरत होता. शेडचा सगळा पत्रा एकदम हंबरला. वर्षानुवर्षांची भट्टीची काजळी आणि कबुतरांनी साठवलेलं जे काय होतं ते, सगळं खाली आलं. सुरुवातीला सांगितलं ते हेच.

प्रमोद नाचत होता, कारण डब्यातून मुंग्या निघाल्या होत्या. लाल. बुंदीचा चुरा भोकातून आत गेला होता, त्यामागे त्या सकाळीच आत जाऊन बसल्या असणार. आवाज झाल्यावर सगळ्या एकदम बाहेर पडल्या आणि समोर सापडला प्रमोदचा चप्पल घातलेला पाय. तो एका पायावर उड्या मारत होता, मध्येच दुसरा पाय झटकत होता आणि गिटार सोडत नव्हता. मागच्या रांगांना वाटलं, नवीन स्टाइल आहे. शिट्ट्या सुरू झाल्या.

शेवटी माझा हात हलला आणि मी वायर उपटली. सगळं शांत झालं. सेठजी उठले, खोकले, तोंडावरून हात फिरवला तर तोंड आणखी काळं झालं. "बंद करो! निकालो इन सबको बाहर!"

मास्टरजी हात जोडून पुढे धावले. मला वाटलं, प्रमोदचं नाव गेलं, माझ्या दुकानाचंही गेलं.

तेवढ्यात सोफ्यावरून म्हातारी बोलली. ऐकू न येणारी माणसं बोलतात तशी, शेडभर. "काहे को बंद किया?"

सेठजी तिच्या कानाशी ओरडले, "अम्मा, देखो क्या हाल किया है!"

"इतने साल से लाकर बिठाता है, कुछ सुनाई नहीं देता. आज सोफा बोला." तिने पदराने तोंड पुसलं, डोळ्यांपुरतं. "बजने दे."

सेठजी आईपुढे काही बोलत नसत. ते बसले. मी बटनं निम्म्यावर आणली आणि वायर लावली. प्रमोदने पुढची आठ गाणी वाजवली आणि आठही गाण्यांत तो नाचला, कारण मुंग्या संपत नव्हत्या. म्हातारी सोफ्याच्या हातावर पंजा ठेवून बसली होती, डोळे टक्क उघडे. मागून ओरडा चालू, "बेसवाले को आगे लाओ!" चौथ्या गाण्यानंतर मास्टरजी कीबोर्डवाल्याला म्हणाले, "तू लेफ्ट हैंड पॉकेट में रख."

सामान भरताना प्रमोदने सुजलेला पाय दाखवला. "काकू, यात मुंग्या कशा घुसल्या?"

मी म्हटलं, "जपानी असतीन."

त्याने मान डोलावली. त्याला ते पटलं. भासरे टेम्पोच्या फळीला काहीतरी सांगणार होते, पण नाही सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा भिंत धरली आणि शेवटपर्यंत सोडली नाही.

डबा मी स्पिरिट आणि जुन्या टूथब्रशने साफ करून दिला. नंतर कित्येक वर्षं चालला. प्रमोद ऑर्केस्ट्रा बंद पडेपर्यंत त्यात होता, आणि लोक त्याला नावाने ओळखत. कार्यक्रमाला निघताना मात्र तो मुद्दाम बूट घालत असे आणि लोक तक्रार करत की पहिल्यासारखा नाचत नाही. त्या पूजेची मला लाज वाटत नाही. एका साध्या माणसाशी इतकी वर्षं खोटं बोलले त्याची थोडी वाटते.

सेठजींची आई पुढे दोन वर्षांनी गेली, मग मास्टरजी, मग सेठजी. भासरेही गेले. कीबोर्डवाला कुठे आहे माहीत नाही. त्या दिवशी स्टेजपाशी होतो त्यांतले, माझ्या माहितीप्रमाणे, दोघेच हयात आहोत. मी कॅम्प-१ मध्ये आणि प्रमोद पद्मनाभपुरात. त्याच्या घरी हा अंक जातो.